अभ्यासक्रमापलीकडचं गणित : बालाघाटच्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तावना

एप्रिल १९५९मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर गणितातली एक बातमी छापली. लिओनार्ड ऑयलरने १७८२ साली मांडलेला एक तर्क १७७ वर्षांनी खोटा ठरला होता. तो खोटा ठरवणारे तिघे होते : राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरच्चंद्र श्रीखंडे. यांतले श्रीखंडे आपल्याकडचे. त्यांचा जन्म १९१७ साली सागरला झाला. तेव्हा सागर काय आणि बालाघाट काय, दोन्ही जिल्हे मध्य प्रांतातलेच, आणि दोन्हींची राजधानी नागपूर. श्रीखंडे नागपुरात शिकवत होते. तिथून ते अमेरिकेला गेले, १९५० साली बोस यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिली. वयाची शंभरी ओलांडून २०२० साली ते गेले.

सुरुवात त्यांच्यापासून करण्याचं कारण सांगतो. गणित आवडणाऱ्या आपल्या मुलांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो, की खरं गणित कुठेतरी दूर घडतं. पुण्यात, कोलकात्यात, केंब्रिजमध्ये. आपण फक्त परीक्षा द्यायची. श्रीखंडे यांनी सोडवलेला प्रश्न मात्र आठवीच्या मुलालाही समजतो, आणि त्याची मुळं धानाच्या बांधीपर्यंत पोचतात. म्हणून तो प्रश्न आधी नीट मांडू.

समजा तुमच्याकडे धानाचे तीन वाण आहेत आणि कुठला जास्त पिकतो हे पाहायचं आहे. बांधीच्या एका कडेला नहराचं पाणी लवकर पोचतं, दुसरी कडा उंचावर आहे. एका वाणाला सगळी ओलसर जागा मिळाली तर तुलना खोटी ठरेल. म्हणून शेताचे तीन गुणिले तीन असे नऊ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदाच येईल अशी रोवणी करायची. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. आता वाणांच्या जोडीला तीन प्रकारची खतंही तपासायची असतील तर? खतांचाही असाच चौरस हवा, आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ बरोबर एकदा पडायला हवी. अशा जोडीला आपण जोडचौरस म्हणू. वाणांना क, ख, ग म्हणू आणि खतांना १, २, ३.

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

कुठलीही ओळ घ्या, आडवी किंवा उभी : तिन्ही अक्षरं आणि तिन्ही अंक तिथे एकेकदा आहेत. नऊच्या नऊ जोड्याही वेगळ्या आहेत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रॉनल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात शेतावरच्या प्रयोगांचं जे शास्त्र उभं केलं, त्यात या चौरसांना मोठं स्थान आहे. आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एखादा वाण दुसऱ्यापेक्षा खरोखर वेगळा आहे हे शेतात सिद्ध करायचं तर आजही अशाच काळजीपूर्वक आखलेल्या मांडण्या लागतात.

आता ऑयलर. त्याचा प्रश्न सैनिकांचा होता. सहा पलटणी, प्रत्येकीत सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे छत्तीस जण. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करायचं की प्रत्येक ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदा येईल. ऑयलरला ते जमलं नाही. हे अशक्यच असावं असं त्याने म्हटलं, आणि पुढे जाऊन असाही तर्क केला की ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या, कुठल्याही संख्येसाठी असे जोडचौरस असूच शकत नाहीत. सहाबद्दल त्याचं म्हणणं खरं होतं. फ्रान्समधल्या गास्तों तारी यांनी सगळ्या शक्यता हाताने तपासून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते सिद्ध केलं. पुढे बोस आणि श्रीखंडे यांनी २२चे जोडचौरस बांधून दाखवले, पार्कर यांनी १०चे, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ हे दोन अपवाद सोडले तर प्रत्येक संख्येसाठी ते सापडतात. एकट्या सहाच्या अनुभवावरून ऑयलरसारख्या माणसाने केलेलं अनुमान पुढच्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी चुकलं होतं.

दोनसाठी असा जोडचौरस का नाही, हे तुम्ही आत्ता कागदावर दाखवू शकता. चारसाठी पत्त्यांचा जोड घ्या : एक्का, राजा, राणी, गुलाम, चारही रंगांचे, एकूण सोळा पत्ते. ते चार बाय चारमध्ये मांडून पाहा. आणि एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही : दहासाठी असे दोन चौरस मिळतात हे पार्कर यांनी दाखवलं, पण आपापसात दर दोघांची अशी जुळणी होईल असे तीन चौरस मिळतात का? संगणक आले, कितीतरी लोकांनी शोधलं, उत्तर मिळालेलं नाही.

गणिताचं क्षेत्र म्हणजे काय, असं मला विचाराल तर मी ही एवढी गोष्ट सांगेन. समजायला सोपा प्रश्न, तो सोडवण्यासाठी घडवलेली नवी साधनं, मोठ्या माणसाचाही तर्क तपासण्याची मुभा आणि शेवटी उरलेलं एक मोकळं टोक. परीक्षेतला प्रश्न कुणीतरी आधी सोडवलेला असतो. या क्षेत्रातला प्रश्न तसा असेलच असं नाही, आणि ज्यांना गणित मनापासून आवडतं त्यांना हा फरक कळला की पुढची बरीच वाट आपोआप दिसू लागते.

ही वाट चालायला काय काय हाताशी आहे, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर इथल्या शाळा-महाविद्यालयांतली मुलं डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. यांतली बरीचशी मुलं घरी मराठी किंवा पोवारी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि पुढची पुस्तकं त्यांना इंग्रजीतून वाचावी लागतात. या तीन भाषांचा बाऊ करू नये असं माझं ठाम मत आहे. गणिताच्या इंग्रजीत शब्द थोडे आणि वाक्यं ठरावीक असतात. एक चांगलं पुस्तक पन्नास पानं नेटाने वाचलं की पुढची पानं अडत नाहीत. तोवर हिंदी आणि मराठीत जे आहे ते भरपूर आहे.

सगळ्यात जवळचं साधन तुमच्या दप्तरातच आहे आणि ते बहुधा कुणी उघडत नाही. एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकांना परिशिष्टं जोडलेली आहेत : अकरावीत अनंत श्रेणींवर, बारावीत गणितातल्या सिद्धतांवर, आणि दोन्हींत गणिती प्रतिमानांवर. परीक्षेत ती विचारत नाहीत म्हणून वर्गात ती राहून जातात. प्रकरणांच्या शेवटी छोट्या ऐतिहासिक टिपाही आहेत. बारावीचं सिद्धतेवरचं परिशिष्ट आधी वाचा. 'सिद्ध करा' म्हटल्यावर नेमकं काय करायचं असतं, हे तिथे हिंदीतही नीट सांगितलं आहे, आणि यापुढचं सगळं गणित त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

त्याच बारावीच्या पुस्तकात रैखिक प्रोग्रामनचं प्रकरण आहे. दोन चल, काही असमानता, आलेखावर एक बहुभुज, आणि कमाल किंवा किमान किंमत त्याच्या कोपऱ्यावर सापडते. दोन चलांत हे पाच मिनिटांचं काम आहे. चल हजारो झाले की कोपऱ्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली कोपऱ्यावरून कोपऱ्यावर कडेने चालत जाणारी पद्धत दिली. १९८४ साली नरेंद्र करमरकर यांनी बहुभुजाच्या कडा सोडून थेट आतून वाट काढणारी नवी पद्धत मांडली आणि ती जगभर गाजली. करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरचा. तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणापासून विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधापर्यंतचं अंतर इतकं थोडं आहे, हे शिक्षकांनी ते प्रकरण शिकवताना आवर्जून सांगावं.

मराठीत वाचायला सुरुवात कुठून करावी? मंगला नारळीकर यांचं 'गणितगप्पा' शाळेतल्या मुलांसाठी उत्तम आहे. भाषा बोलकी, पण तर्कात कुठे ढिलाई नाही. जयंत नारळीकर यांचं 'गणितातील गमतीजमती' थोड्या मोठ्या मुलांना आवडेल. मराठी विश्वकोशात गणितावरच्या नोंदी आहेत आणि विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्या नोंदी दाट आहेत. पहिल्या वाचनात निम्मं कळलं तरी थांबू नका, मराठीत गणिताची परिभाषा घडवणाऱ्यांचं ते मोठं काम आहे. पुण्याहून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' आणि भोपाळच्या एकलव्य संस्थेचं हिंदी 'संदर्भ' ही दोन्ही नियतकालिकं शिक्षकांसाठी आहेत, पण दहावीच्या पुढचा जिज्ञासू मुलगा किंवा मुलगी ती सहज वाचू शकते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर हिंदी आणि मराठीतली शेकडो पुस्तकं मोफत ठेवलेली आहेत. त्यांत गणिताची पुष्कळ आहेत. मोबाइलवर एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही वाचता येतात, आणि बैहरच्या बाजूच्या गावांत हा मुद्दा छोटा नाही.

इथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्याइतका जवळचा गणिती दुसरा नाही. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० ते १९६२ अशी सगळी नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून. विद्यापीठातलं पद नाही, मार्गदर्शक नाही, संशोधनासाठी पैसे नाहीत. आपल्या पुस्तिका बऱ्याचदा ते स्वतःच छापत. देशातल्या अनेक विद्वानांना त्यांचं काम किरकोळ वाटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि मग त्यांचं नाव जगभर पोचलं.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध शोध असा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. २५८१ घेऊ. ८५२१ वजा १२५८ म्हणजे ७२६३. मग ७६३२ वजा २३६७, उत्तर ५२६५. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि मग ६१७४. इथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ला पोचता.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपते आणि मुलं 'वा!' म्हणून पान उलटतात. खरं गणित इथून पुढे सुरू होतं. हे प्रत्येक संख्येला लागू पडतं कशावरून? दहा हजार संख्या तपासायच्या का? बीजगणिताकडे वळू. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड आहेत असं धरा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरतं ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे पहिल्या वजाबाकीचं उत्तर चार अंकांवर अवलंबून नाहीच, फक्त दोन फरकांवर आहे! बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी काहीही, आतला फरक शून्यापासून बाहेरच्या फरकापर्यंत. मोजून पाहा, एकूण ५४ शक्यता होतात. दहा हजारांचं काम चौपन्नावर आलं, आणि चौपन्न शक्यता एका सुट्टीच्या दुपारी वहीत तपासून होतात. त्या तपासल्या की ती झाली पूर्ण सिद्धता, तुमच्या स्वतःच्या हातची. जाता जाता हेही दिसतं की ९९९ आणि ९० या दोन्हींना ९ने भाग जातो, म्हणून वाटेतली प्रत्येक संख्या ९च्या पाढ्यातली असते.

मग स्वतः पुढे चला. तीन अंकी संख्यांचं काय होतं? दोन अंकींचं? पाच अंकींचं वागणं वेगळं आहे, ते मी सांगत नाही. दहाऐवजी आठच्या पायावर लिहिलेल्या संख्या घेतल्या तर? एका प्रश्नातून असे दहा प्रश्न काढण्याची सवय ही या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि तिला वही-पेन्सिलीखेरीज काहीच लागत नाही.

अशा शोधात एक साधन फार कामाचं आहे. नील स्लोन यांनी १९६४ साली पूर्णांकांच्या क्रमिका गोळा करायला सुरुवात केली आणि १९९६पासून तो कोश इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. तुम्हाला वहीत एखादी क्रमिका सापडली, तर तिचे पहिले पाच-सहा अंक तिथे टाका. ती कुणाला आधी सापडली होती का, तिच्याबद्दल काय काय सिद्ध झालं आहे, हे समोर येतं. ९, ४५, ५५, ९९ असे टाकून पाहा, कापरेकर संख्या भेटतील : ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. देवळालीच्या एका शाळामास्तरांचं नाव त्या कोशात अनेक पानांवर आहे.

जुन्या ग्रंथांकडेही जायला हवं, पण डोळे उघडे ठेवून. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. 'लीलावती'तली उदाहरणं दहावीच्या मुलाला सोडवता येतात. ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत आहे, जुन्या ग्रंथालयांत शोधलं तर मिळतं. 'बीजगणिता'तली चक्रवाल पद्धत मात्र खराखुरा चढ आहे. जिच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला तर उत्तर पुन्हा वर्गसंख्या यावी, अशी सगळ्यात लहान धन संख्या कोणती? भास्कराचार्यांचं उत्तर २२,६१,५३,९८०. त्यांच्या नंतर पाचशे वर्षांनी, १६५७मध्ये, फर्मा या फ्रेंच गणितीने युरोपातल्या गणितींना हाच ६१चा प्रश्न घातला. इतकं मोठं उत्तर चाचपडत मिळत नाही, त्यामागे पद्धत आहे. ती पद्धत समजून घेणं हाच भास्कराचार्यांचा खरा मान. भराभर गुणाकाराच्या युक्त्यांना प्राचीन गणित म्हणून विकणाऱ्या पुस्तकांवर पैसे घालवू नका. आकडेमोडीचा वेग हे गणिताचं फार छोटं अंग आहे.

नववी-दहावीनंतर पुढचं पाऊल म्हणजे ऑलिंपियाडचे प्रश्न. भारत १९८९पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भाग घेतो, आणि १९९६ साली ती स्पर्धा मुंबईतच झाली. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हा कार्यक्रम पाहतं. पहिली पायरी असलेली आयओक्यूएम परीक्षा साधारण सप्टेंबरात होते : तीन तास, तीस प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर दोन अंकी पूर्णांक. पुढे प्रादेशिक आणि मग राष्ट्रीय फेरी, जिथे पूर्ण सिद्धता लिहावी लागते. निवड होणारे थोडेच असतात, आणि निवड झाली नाही म्हणून मन लहान करण्याचं काही कारण नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते जुन्या प्रश्नपत्रिकांचं भांडार, जे मोफत उपलब्ध आहे. प्रादेशिक फेरीची एक प्रश्नपत्रिका छापून घ्या. सहा प्रश्नांपैकी एकच निवडा आणि आठवडाभर तोच डोक्यात ठेवा. उत्तर पाहू नका. जेईईच्या तयारीत दोन मिनिटांत प्रश्न सोडायला शिकवतात, आणि त्या परीक्षेसाठी ते बरोबरच आहे. इथे उलट सवय लागते.

या टप्प्याला पुस्तकं इंग्रजीतली, पण निवडक. कृष्णमूर्ती, प्राणेशाचार, रंगनाथन आणि वेंकटाचल या चौघांचं 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' भारतीय विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं आहे. जॉर्ज पोल्या यांचं १९४५ सालचं 'हाऊ टू सॉल्व्ह इट' प्रश्नाशी कसं बोलावं हे शिकवतं. कूरंट आणि रॉबिन्स यांचं १९४१ सालचं 'व्हॉट इज मॅथेमॅटिक्स?' हे एकच पुस्तक बारावीपासून पदवीपर्यंत पुरतं. बंगळूरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'रेझोनन्स' मासिक १९९६पासून निघतं, जुने सगळे अंक फुकट वाचता येतात. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'ॲट राइट अँगल्स' शाळेच्या पातळीवरचं आहे, तेही फुकट. याहून लांब यादी मी मुद्दाम देत नाही. मोबाइलमध्ये दोनशे पुस्तकं साठवून एकही न वाचलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची चूक नाही, निवडून देणारं कुणी भेटलं नाही.

पदवीच्या विद्यार्थ्यांना, जटाशंकर त्रिवेदी महाविद्यालयातल्या किंवा गोंदियाला जाऊन शिकणाऱ्यांना, दोन गोष्टी माहीत असायलाच हव्यात. पहिली, एमटीटीएस. मुंबई विद्यापीठातले प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला हा उन्हाळी प्रशिक्षणाचा कार्यक्रम. चार आठवडे राहायचं आणि रोज वर्गात प्रश्नांना तोंड द्यायचं. तिथे व्याख्यान लिहून घेणं चालत नाही, 'का?' हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. लहान गावांतून आलेल्या अनेकांना आपण गणित करू शकतो हे पहिल्यांदा अशा ठिकाणी उमगतं. दुसरी, माधव गणित स्पर्धा, पुण्याचं सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि होमी भाभा केंद्र यांची, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. तिच्याही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याजोग्या आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोफत आहेत. पण एक व्याख्यान ऐकलं की त्यावरची दहा उदाहरणं स्वतः केल्याशिवाय दुसरं लावू नका. नाहीतर ऐकताना सगळं कळतं आणि कागदावर काहीच उतरत नाही.

गणितातच पुढे जायचं ठरलं तर बारावीनंतर थेट प्रवेश देणाऱ्या जागा आहेत : भारतीय सांख्यिकी संस्था, जी महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापन केली, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, आणि भोपाळ व पुण्याच्या आयसर संस्था. पहिल्या दोन ठिकाणी प्रवेश परीक्षेत सिद्धता विचारतात. घरच्यांना यांची नावं ठाऊक नसतात आणि 'गणित शिकून करणार काय?' हा प्रश्न येतोच. तो प्रश्न काळजीतून येतो, त्याला नीट उत्तर द्या : अध्यापन, संशोधन, सांख्यिकी, विमा, संगणकशास्त्र, बँका, हवामानाचा अंदाज, सगळीकडे या शिक्षणाला मागणी आहे, आणि यांतल्या अनेक ठिकाणी शिष्यवृत्तीही मिळते.

श्रीराम अभ्यंकरांबद्दल सांगायचं राहिलं. उज्जैनला १९३०मध्ये जन्म, ग्वाल्हेरला बालपण, वडील गणिताचे प्राध्यापक. हार्वर्डला पीएच.डी. केली आणि बैजिक भूमितीत फार वरच्या दर्जाचं काम केलं. वक्र किंवा पृष्ठ जिथे स्वतःला छेदतं किंवा टोकदार होतं, त्या बिंदूंच्या गुंत्याची उकल हा त्यांचा विषय. इतक्या उंचीवर असूनही शाळेतल्या बीजगणिताची ताकद ते आयुष्यभर आवर्जून सांगत राहिले. बहुपदी, अवयव, चलाचं निरसन, म्हणजे तुम्ही नववी-दहावीत करता तेच. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. संशोधनाबरोबर शाळकरी मुलांचे ऑलिंपियाडचे वर्गही तिथे चालत आले आहेत. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बैजिक भूमितीच्या इतिहासावरच्या लेखाला पुढे शोव्हने पारितोषिक मिळालं. पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाने तो लेख हातात घ्यावा, सगळा कळणार नाही, पण वर्तुळाच्या समीकरणापासून निघून माणूस किती लांब जाऊ शकतो ते दिसेल.

एकट्याने हे सगळं करणं अवघड आहे. गणिताला जोडीदार लागतो, ज्याच्यासमोर फळ्यावर सिद्धता मांडावी आणि ज्याने 'ही ओळ पटली नाही' म्हणावं. वर्गात असा एक मित्र किंवा मैत्रीण शोधा. नसेल तर वरच्या वर्गातला, नाहीतर शेजारच्या शाळेतला. हल्ली फोनवरही हे जमतं, वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा आणि बोलायचं. फक्त उत्तर पाठवू नका, कुठे अडलो ते पाठवा.

शिक्षकांकडे एक मागणं आहे. शाळेच्या ग्रंथालयात गणिताचं वेगळं कपाट नसलं तरी चालेल, एक फळी पुरेल. तिच्यावर 'गणितगप्पा', एकलव्यचे 'संदर्भ'चे अंक, 'चॅलेंज अँड थ्रिल'ची एक प्रत आणि प्रादेशिक ऑलिंपियाडच्या दहा वर्षांच्या छापील प्रश्नपत्रिका ठेवा. आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासाला, एक प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत पुसू नका. उत्तर घेऊन येणाऱ्या मुलाला 'बरोबर' म्हणण्याआधी 'कशावरून?' विचारा. २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय गणित दिवस साजरा होतो. त्या दिवशी भाषणांऐवजी वर्षभरात सुटलेले प्रश्न मुलांनी एकमेकांना फळ्यावर समजावून सांगावेत. जे सुटले नाहीत त्यांची यादी भिंतीवर लावावी, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी, सोडवायचा प्रयत्न करणाऱ्यांच्या नावांसकट.